वही, सोऱ्या आणि रिॲक्ट

मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून टाकते. नांदेडला बी.कॉम. केलं, 1998 साली लग्न होऊन हैदराबादला चिक्कडपल्लीत आले, आणि त्यानंतर हिशेबाशी माझा संबंध आला तो सासूबाईंच्या फराळाच्या वहीपुरताच. त्यामुळे मी आमच्या दिवाळीच्या ऑर्डरींसाठी वेब ॲप तयार केलं, असं कळल्यावर मंडळातल्या एका मैत्रिणीने हसून विचारलं, “लेकीने करून दिलं ना?” तिचं काही चुकलं नाही. मीही दुसऱ्या कुणाबद्दल असंच म्हटलं असतं. पण ते लेकीने करून दिलेलं नाही. मी कसं केलं, कुठे अडले आणि का केलं, ते आपल्या अंकासाठी लिहून काढते आहे.

चिकटलेली पानं

सासूबाई चाळीसएक वर्षं दिवाळीचा फराळ करून देतात. चकली, शेव, चिवडा, करंज्या, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू आणि अनारसे. गिऱ्हाईकं म्हणजे काचीगुडा, बरकतपुरा, नल्लाकुंटा, सुलतान बाजार इथली जुनी मराठी घरं, आणि अलीकडे कुकटपल्ली-मियापूरकडे राहायला गेलेली आयटीतली मंडळी. सगळ्या ऑर्डरी एका लांबट वहीत. डावीकडे नाव, मध्ये जिन्नस, उजवीकडे रुपये. पोहोचलं की नावावर बरोबरची खूण.

2022ची दिवाळी आठवते का? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं ती. त्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सासूबाईंना फोन आला, “काकू, डबा निघाला का?” सासूबाई म्हणाल्या, “कोणता डबा?” तीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे लेकीचा दिवाळसण होता, जावई रात्रीच्या गाडीने यायचा होता. वही उघडून पाहिलं तर ऑर्डर लिहिलेली होती. पण शंकरपाळ्यांच्या पाकाचे थेंब पडून दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि ती ऑर्डर आतल्या बाजूला होती.

घरात उरलंसुरलं होतं ते बांधून माझ्या यजमानांनी नेऊन दिलं. त्या घरातून वाईट एक शब्द आला नाही. पुढच्या वर्षी फोनही आला नाही. सासूबाई त्या रात्री वही कपाटात ठेवत म्हणाल्या, “आता पुरे बाई. माझ्याच्याने नाही होत.” तेव्हा त्या 78 वर्षांच्या होत्या. हात थकले नव्हते, पाक अजूनही बोटावर तपासायच्या. वहीने दगा दिला होता आणि त्या तो दोष स्वतःवर घेत होत्या. ते मला पाहवलं नाही.

लेक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, “आई, एका रविवारी करून देते मी.” मी आधी हो म्हटलं, मग विचार केला. दिवाळीच्या ऐन आठवड्यात काही बिघडलं तर? ती ऑफिसात, मी कढईसमोर. जे आपल्याला दुरुस्त करता येत नाही त्यावर सणाचा भार टाकायचा नाही, असं ठरवलं. तिला म्हटलं, “तू करू नकोस, मला शिकव.” ती म्हणाली, “आई, वेळ लागेल.” म्हटलं, दिवाळीला एक वर्ष आहे.

अमीरपेटची वारी

हैदराबादेत संगणक शिकायचा तर माणूस अमीरपेटला जातो. मैत्रीवनमच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये कोर्सच्या फलकांवर फलक, रस्त्यात हातात पत्रकं देणारी मुलं, आणि आंध्र-तेलंगणाच्या गावागावांतून आलेले पदवीधर. चिक्कडपल्लीचं मेट्रो स्टेशन 2020च्या फेब्रुवारीत सुरू झालं आहे, त्यामुळे एमजीबीएसला गाडी बदलून अमीरपेटला जाणं सोपं. 2023च्या जानेवारीत मी एका क्लासमध्ये नाव घातलं.

क्लासचा अनुभव थोडक्यात सांगते. फी सगळी आधी घेतली, बाके दाटीवाटीची, आणि महिन्याभरात शिकवणारे बदलले. मुलं मला ‘आंटी’ म्हणायची आणि खिडकीजवळची जागा ठेवायची, ती मात्र फार चांगली. शिकवणं अर्धं तेलुगूत, अर्धं इंग्रजीत. भाषेची अडचण नव्हती, पंचवीस वर्षांत तेलुगू अंगवळणी पडली आहे. अडचण झाली ती नोट्सची. त्या जुन्या होत्या. घरी येऊन रिॲक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावं तर तिथे सगळं वेगळंच लिहिलेलं. मला वाटायचं, माझंच डोकं चालत नाही.

खरं कारण लेकीने सांगितलं. जावास्क्रिप्ट ही भाषा 1995च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. ती ब्राउझरमध्ये चालते, म्हणून जगभर पसरली. तिच्यात मोठी पानं लिहिणं किचकट होऊ लागलं, तसे लोकांनी तयार सांगाडे बनवले. गूगलचा अँग्युलर 2010चा, फेसबुकने सर्वांसाठी खुलं केलेलं रिॲक्ट 2013चं, एव्हान यू यांचं व्ह्यू 2014चं. जाणकार रिॲक्टला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात, पण आपल्यासारख्यांना त्या वादात पडायचं कारण नाही. मुद्दा असा, की रिॲक्टमध्ये 2019 साली ‘हुक्स’ नावाची नवी पद्धत आली आणि लिहिण्याची रीतच बदलली. 2023च्या मार्चमध्ये त्यांचं शिकवणीचं नवं संकेतस्थळ आलं, ते सगळं नव्या रीतीने लिहिलेलं. माझ्या क्लासच्या नोट्स मात्र 2019 आधीच्या होत्या. म्हणजे मी नऊवारीची निरी सहावारीला घालत होते.

एप्रिलमध्ये क्लास सोडला. फीचं वाईट वाटलं, पण वेळ त्याहून महाग होता.

लायब्ररीतल्या दुपारी

घरी दुपारी बसलं की फोन, कुकर, दारावरची बेल. म्हणून मी लॅपटॉप चार्ज करून आमच्या जवळच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत जाऊ लागले. चिक्कडपल्ली, अशोकनगर हा स्पर्धा परीक्षांच्या मुलांचा भाग. लायब्ररीत आणि आवारात ही मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. काहींची तिसरी-चौथी जाहिरात हुकलेली. त्यांच्यात बसलं की आळस करायची लाज वाटते. दुपारी दोन ते चार, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी संध्याकाळी लेकीबरोबर व्हिडिओ कॉल. ती उत्तर द्यायची नाही, फक्त विचारायची, “आई, तुला काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय?” आधी राग यायचा. आता कळतं, निम्मं शिकणं त्या एका प्रश्नात होतं.

सुरुवातीला संगणकावर काम मांडून देणारं एक साधन लागतं. त्याचं नाव ‘वीट’. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘झटपट’, आणि ते साधन व्ह्यूवाल्या एव्हान यू यांनीच केलेलं. लेकीने नाव सांगितलं तेव्हा मी हात जोडले. ती म्हणाली, “आई, काय झालं?” म्हटलं, विटेवर उभं राहून सगळं होतं, हे आपल्याला नवीन नाही.

सोऱ्या आणि त्याच्या ताटल्या

रिॲक्ट मला समजलं ते स्वयंपाकघरातून. तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सांगते.

सोऱ्या एकच असतो. आत बारीक भोकांची ताटली घातली की शेव, चांदणीची घातली की चकली. रिॲक्टमधला ‘कंपोनंट’ म्हणजे हा सोऱ्या. ऑर्डरीची एक ओळ कशी दिसावी, हे मी एकदाच लिहिते. त्यात वेगवेगळी माहिती घातली की काचीगुड्याच्या काकूंची ओळ तयार, मियापूरच्या ताईंची ओळ तयार. आत घालायच्या त्या माहितीला ‘प्रॉप्स’ म्हणतात. शंभर ऑर्डरी असोत, ओळ लिहायची एकदाच.

दुसरी गोष्ट ‘स्टेट’. स्टेट म्हणजे वही, आणि पडदा म्हणजे तिचा आरसा. पूर्वीच्या पद्धतीत आकडा बदलला की पानावर तो जिथे जिथे दिसतो तिथे जाऊन बदलावा लागे. एक जागा विसरली की घोटाळा. आमच्याकडे अगदी हेच व्हायचं. वहीत एक, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसरं, डब्यावरच्या चिठ्ठीवर तिसरं. रिॲक्टचं म्हणणं, खरी वही एकच ठेवा, बदल फक्त तिच्यात करा, आरशाचं मी बघतो.

पण त्याची एक अट आहे आणि तिच्यापायी माझे चार दिवस गेले. मी यादीत नवी ऑर्डर घालायचे, पडद्यावर काही दिसायचं नाही. कारण मी जुन्याच यादीत बदल करत होते. रिॲक्ट पान उलटून आत डोकावत नाही. आधीचंच पान आहे की नवं, एवढंच पाहतं. त्याच पानावर खाडाखोड केली तर त्याला वाटतं, काही बदललंच नाही. जुनं सगळं नव्या पानावर उतरवायचं, त्यात नवी ओळ लिहायची आणि नवं पान त्याच्या हाती द्यायचं.

तिसरी गोष्ट सासूबाईंकडून शिकले. मी अनारशांची एकूण बेरीजही स्टेटमध्ये ठेवली होती. ऑर्डर रद्द झाली की बेरीज जुनीच राहायची. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, “बेरीज मी पेन्सिलीने लिहिते. शाईने फक्त ऑर्डर.” रिॲक्टच्या शिकवणीत हाच नियम वेगळ्या शब्दांत आहे. जे मोजून काढता येतं ते साठवायचं नाही, दर वेळी मोजायचं. अनारशांच्या बाबतीत ही बेरीज फार महत्त्वाची, कारण तांदूळ तीन दिवस पाणी बदलत भिजवावे लागतात. पीठ आयत्या वेळी वाढवता येत नाही. म्हणून अनारशांची ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख बाकीच्यांपेक्षा आधी, हेही ॲपमध्ये घातलं.

वजनांचाही धडा मिळाला. जावास्क्रिप्टला 1.1 आणि 2.2 किलोंची बेरीज विचारा, उत्तर येतं 3.3000000000000003. दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत, म्हणून. तेव्हापासून मी सगळं ग्रॅममध्ये ठेवते. 1100 आणि 2200, पूर्णांक, भांडण नाही.

एकच शब्द, दोन तऱ्हा

ॲप मराठीत हवं हा माझा हट्ट होता. सासूबाईंना वाचता आलं नाही तर त्याचा काय उपयोग? त्यातून एक अडचण आली, जी इंग्रजीत काम करणाऱ्याला कधी येणार नाही.

आमचं एक गिऱ्हाईक ‘ॲडव्होकेट काका’ म्हणून नोंदलेलं. मी शोध घेतला तर सापडेनात. यादीत डोळ्यांना दिसत होते, शोधात नव्हते. मग कळलं, की हे ‘ॲ’ अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एक, मूळ ‘अ’वर चंद्र देऊन. दोन, ‘ॲ’ हे स्वतंत्र एकच अक्षर म्हणून. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती 2008 साली. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळी. माझ्या फोनचा कळफलक एक लिहितो, यजमानांच्या लॅपटॉपचा दुसरं.

‘सोऱ्या’ शब्दाचंही तसंच. काही कळफलक त्यातला अर्धा र एका अक्षराने लिहितात, काही साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. मी जावास्क्रिप्टला दोन्हींची लांबी विचारली. एकाची 6, दुसऱ्याची 7. डोळ्यांना काडीचा फरक नाही.

उपाय साधा होता. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचे शब्द एकाच रूपात आणणारी दहा-बारा ओळींची पायरी लिहिली. ती चालली त्या रात्री मी यजमानांना झोपेतून उठवून ‘ॲडव्होकेट’ दोन्ही प्रकारे शोधून दाखवलं. ते म्हणाले, “छान,” आणि कूस बदलली.

भांड्यांवरचं नाव

2023च्या दिवाळीला ॲप पहिल्यांदा वापरलं. लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. सासूबाईंना कपाटातून वही काढायला लावली आणि म्हटलं, “आई, तुम्ही वहीत लिहा, मी ॲपमध्ये. दोन्ही चालू ठेवू.” त्या म्हणाल्या, “हौ, पण उद्या माझी वही फेकू नक्को.” त्या इथेच वाढल्या, त्यांच्या मराठीत हैदराबाद असतंच.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पोहोचलेल्या ऑर्डरींवर मी खुणा करत होते. सकाळी यादी नावाप्रमाणे लावलेली होती. दुपारी वाट सोपी व्हावी म्हणून ती भागाप्रमाणे लावली, आधी नल्लाकुंटा, मग बरकतपुरा. रात्री आठला सासूबाई वही मोठ्याने वाचू लागल्या आणि मी पडद्यावर बघत होते. दोन नावं जुळेनात. वहीत नल्लाकुंट्याच्या दोन घरांवर खूण नव्हती, पडद्यावर होती. फोन केला तर डबे खरंच गेले नव्हते. यजमान स्कूटर काढून निघाले आणि साडेनऊच्या आत दोन्ही पोहोचवून आले.

माझे हातपाय गार पडले होते. पुन्हा तेच, आणि या वेळी माझ्यामुळे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला पाणी आणून दिलं.

चूक नंतर सापडली. रिॲक्टमध्ये यादीतल्या प्रत्येक ओळीला ओळख म्हणून एक ‘की’ द्यावी लागते. मी ओळीचा क्रमांक दिला होता, पहिली, दुसरी, तिसरी. यादीचा क्रम बदलला तेव्हा नावं हलली, पण खुणा जिथल्या तिथे राहिल्या, कारण रिॲक्टच्या लेखी तिसरी ओळ ती तिसरीच. शिकवणीत याबद्दल स्पष्ट इशारा आहे. मी तो वाचलाही होता. वाचणं आणि समजणं यांत एक रात्र असते.

आपल्या घरी स्टीलच्या भांड्यांवर नाव का कोरून घेतात? मंगलकार्यात सगळ्यांची पातेली एका ठिकाणी धुवायला पडतात. ‘डावीकडून तिसरं माझं’ असं म्हणून चालत नाही. नाव भांड्यावरच हवं. मी प्रत्येक ऑर्डरीला ती घेतानाच कायमचा नंबर दिला, तीच तिची ‘की’ केली, आणि खूणही ऑर्डरीतच नोंदवली. मग क्रम कसाही बदला, खूण ज्याची त्याच्याकडे.

त्याच हिवाळ्यात लेकीने आणखी एका गोष्टीसाठी कान धरले. मी माहिती फायरबेसवर ठेवायला शिकले होते आणि चाचणीपुरती सगळ्यांना उघडी असलेली परवानगी तशीच ठेवली होती. “आई, लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत तिथे. दार उघडं टाकून गावाला गेल्यासारखं आहे हे.” त्याच दिवशी कुलूप लावलं. आता फक्त आमच्या घरच्या तिघांना उघडतं. तुम्ही काही बनवलंत तर हे सगळ्यात आधी करा.

एक दिवस मागे

2024ची दिवाळी आपल्या लोकांना लक्षात असेल. महाराष्ट्रातल्या पंचांगांप्रमाणे लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आणि इथे तेलंगणात दिवाळीची सुट्टी 31 ऑक्टोबरला. आमची निम्मी गिऱ्हाईकं एका तारखेची, निम्मी दुसऱ्या. म्हणून ॲपमध्ये ‘डबा कधी हवा’ असा रकाना घातला आणि तारीख आपण गृहीत न धरता प्रत्येकाला विचारायची असं ठरवलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर सासूबाई पडद्यावरची यादी वाचत होत्या. त्यांना आता टॅबवर अक्षर मोठं करून वाचता येतं. वाचता वाचता थांबल्या. “काचीगुड्याचा डबा सोमवारी कसा? त्यांनी मंगळवार सांगितला होता, मी ऐकला ना.” वही पाहिली. मंगळवार, 29 ऑक्टोबर. पडद्यावर 28. एकाच नव्हे, सगळ्याच तारखा एक दिवस मागे होत्या.

याचं कारण भूगोलात निघालं. मी तारीख जागतिक वेळेच्या रूपात साठवत होते. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. आपल्याकडे 29 तारखेची मध्यरात्र सुरू होते तेव्हा तिथे 28 तारखेची संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मी त्यातला नुसता तारखेचा भाग कापून ठेवायचे, म्हणून 28. चूक लहान, पण ती दिवाळीच्या आठवड्यात उघडी पडली असती तर अनारसे एक दिवस आधी तळून बसलो असतो. आता तारीख साध्या अक्षरांत साठवते, जशी सांगितली तशी. वेळेच्या भानगडीत पाठवतच नाही.

दोन दिवाळ्यांत दोनदा वहीने ॲपला वाचवलं. पण ॲपनेही वहीला वाचवलं आहे. त्या वर्षी दोन ऑर्डरी वहीत दोनदा लिहिल्या गेल्या होत्या, आणि एक फोनवर घेऊन लिहायची राहिली होती. रोज रात्री जेवणं झाली की सासूबाई वाचतात, मी जुळवते. पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवाळीत एकही डबा चुकला नाही.

शिकायचं असेल तर

मंडळातल्या ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांच्यासाठी चार शब्द. आधी जावास्क्रिप्टची बाराखडी पक्की करा, मगच रिॲक्ट. मी उलट केलं आणि दोन महिने घालवले. शिकवणी किंवा पुस्तक कोणत्या सालचं आहे ते पाहा. तयार नमुन्यातला टू-डू लिस्टचा खेळ करून थांबू नका, घरातलं एक खरं काम घ्या. भिशीचा हिशेब, सोसायटीचं पाणी, मंडळाच्या पुस्तकांची देवघेव, काहीही. कारण खऱ्या कामात कोणीतरी वाट पाहत असतं, आणि त्याशिवाय माणूस रात्री अकराला चूक शोधत बसत नाही. आणि जुनी वही निदान दोन वर्षं चालू ठेवा.

नोकरी मिळाली का, असंही विचारतात. नाही, मी शोधलीही नाही. माझ्याबरोबरच्या त्या मुलांना ती मिळावी.

शेवटी एक गोष्ट. ज्या घराचा दिवाळसणाचा डबा चुकला होता, त्यांचं नाव ॲपमध्ये आहे. दोन वर्षांत ऑर्डर शून्य. मी यादी साफ करताना सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “नाव काढू नक्को.” मग 2024च्या वसुबारसेला म्हणाल्या, “त्यांच्याकडे एक डबा पाठवू. पैसे घ्यायचे नाहीत.” मी नोंद करायला गेले आणि किमतीत शून्य भरलं. ॲप ऐकेना. ‘किंमत भरा’ असा लाल संदेश.

माझीच चूक होती. किंमत रिकामी राहू नये म्हणून मी तपासणी लिहिली होती, आणि तशा तपासणीत जावास्क्रिप्ट शून्य आणि रिकामं एकच मानतं. वेगळं धरायचं असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. कढईत करंज्या होत्या. गॅस बारीक करून लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली, बदलली, तपासली. दहा मिनिटं. लेकीला फोन केला नाही.

डबा गेला. चार दिवसांनी, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, त्यांचा मुलगा तो परत द्यायला आला. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं. आत साखर होती.